विमान वळलं, कानाला पत्ताच नाही

मागच्या मे महिन्यात नागपुरात मनीषनगरला बहिणीकडे गेलो, तर भाच्याच्या खोलीत विमान उभं होतं. म्हणजे त्याचा सांगाडा, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा घरगुती सिम्युलेटर. इतवारीतून आणलेल्या प्लायवूडच्या पट्ट्या, समोर २७ इंची स्क्रीन, उजव्या हाताला जॉयस्टिक, डावीकडे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल, खाली विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरची पेडल्स. पेडल दाबलं की चाकांची खुर्ची मागे पळायची, म्हणून पठ्ठ्याने तिची पाचही चाकं जुन्या हवाई चपलांत बसवली होती. पाच चाकं म्हणजे अडीच जोड, हा हिशेब त्याच्या आईला अजून पटलेला नाही. मी मात्र बेहद्द खूश झालो.

स्क्रीनवर सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवरून त्याने विमान उडवलं, अंबाझरी तलाव दिसताच वळवलं, मग शहरावरून घिरट्या सुरू झाल्या. पंधराव्या मिनिटाला "मामा, सारं गरगरून राहिलं" म्हणत उठला तो थेट बाथरूममध्ये. आमच्या आईचं निदान तयारच होतं : "सारी गल्ली मशीन पाहून गेली. नजर लागली पोराले." मीठ-मोहऱ्या निघाल्या. कॉम्प्युटर विकणाऱ्याचं निदान फोनवर मिळालं : "ग्राफिक्स कार्ड छोटं पडते, मोठं टाका." मला दोन्ही निदानं एकाच जातीची वाटली, फक्त दुसरं महागात पडतं. पोराला नजरही लागली नव्हती आणि कार्डही कमी पडलं नव्हतं. त्याचा आतला कान चोख काम करत होता, म्हणूनच त्याला उलटी झाली.

आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागून तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी जशा भेटतात, साधारण तशाच एकमेकींना काटकोनात. आत द्रव, आणि नळीच्या फुगीर भागात द्रवाची वाट अडवणारा जेलीसारखा पडदा. वरणाचं पातेलं ओट्यावर झटक्यात गोल फिरवून बघा : पातेलं फिरतं, वरण मागे राहतं. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो, त्यात रुतलेले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला कळतं, आपण वळलो.

पण पातेलं एकाच वेगाने फिरवत राहिलात तर? थोड्या वेळाने वरणही त्याच वेगाने फिरू लागतं. कानातही तेच होतं. पडदा काही सेकंदांत सरळ होतो. मेंदू ती खूण आणखी थोडी ताणून धरतो, पण दहा-वीस सेकंदांनी संथ, सारखं वळण 'काहीच हालचाल नाही' असं वाटू लागतं. आणि वळण थांबलं की द्रव पुढे जात राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो, आपण उलटे फिरतोय अशी खात्रीच पटते. ऑफिसच्या खुर्चीत डोळे मिटून बसा, कुणाला तरी वीस-पंचवीस सेकंद सारख्या वेगाने फिरवायला सांगा आणि मग अलगद थांबवायला. ढगात शिरलेल्या वैमानिकाला स्वतःच्या अंगापेक्षा समोरच्या घड्याळासारख्या मापकांवर विश्वास ठेवायला शिकवतात, ते यासाठीच.

(गणिताची भीती वाटत असेल तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मला तो सोडवत नाही. नळीतल्या द्रवाला ढकलतं ते कोनीय त्वरण, म्हणजे वळण्याच्या वेगातला बदल. नळी इतकी अरुंद की द्रवाचं घर्षण त्याच्या जडत्वाला पार दाबून टाकतं. परिणामी रोजच्या हालचालींत पडदा वाकतो तो त्वरणाच्या नव्हे, कोनीय वेगाच्या प्रमाणात. म्हणजे त्वरणाची बेरीज करत वेग काढायचं काम (गणितातलं संकलन) नळी स्वतःच, तारांशिवाय, पाण्यासारख्या द्रवाच्या जिवावर करते. फार संथ हालचाली मात्र तिच्यातून गळून जातात. संथ बदल अडवून जलद बदल जाऊ देणाऱ्या अशा गाळणीला इलेक्ट्रॉनिक्सवाले हाय-पास फिल्टर म्हणतात.)

नळ्यांच्या शेजारी आणखी दोन पिशव्या आहेत. त्यांत जेलीच्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात, खडू-चुनखडीचेच भाऊबंद. मान मागे कलली की खडे मागे घसरतात. पण विमानाने पुढे जोर घेतला तरी ते मागेच घसरतात! खड्यांना कलणं आणि वेग घेणं यांतला फरक कळूच शकत नाही. प्रशिक्षणाचे मोठे सिम्युलेटर याच भोळेपणावर चालतात. सहा दट्ट्यांवर उभी केबिन हळूहळू मागे कलवायची, सेकंदाला साधारण तीन अंशांहून कमी, म्हणजे नळ्यांना सुगावा लागत नाही. समोरच्या चित्रात क्षितिज सपाट ठेवायचं. १२ अंश कललं की पाठीवर गुरुत्वाकर्षणाचा पाचवा हिस्सा दाब येतो आणि बसलेल्याला वाटतं, विमान धावपट्टीवर सुसाट सुटलं. सहा पायांच्या या रचनेला स्टुअर्ट नावाच्या इंजिनियरचं नाव चिकटलं ते त्याच्या १९६५ च्या निबंधामुळे. डनलॉप कंपनीतल्या एरिक गॉफने टायर तपासायला तसंच यंत्र त्याआधीच उभारलं होतं.

त्याहून जुनी गोष्ट अधिक लोभस आहे. अमेरिकेत एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. पोराला विमानाचं वेड, शिकवणी महाग. १९२९ मध्ये त्याने ऑर्गनचेच भाते लावून लाकडी विमान डुलवलं. पेटीचा भाता हलवणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही ते यंत्र पाहताक्षणी उमगेल. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळासारखं मनोरंजन उद्यानांत विकलं गेलं. १९३४ मध्ये टपाल नेताना खराब हवेत लष्करी वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराला त्याची किंमत कळली.

भाच्याच्या खुर्चीला भाता नाही, दट्टे नाहीत, नुसत्या चपला. ती हलतच नाही. पण नजरेच्या कडेला जमीन सरकू लागली की मेंदू ठरवतो, मीच सरकतोय. नागपूर स्टेशनावर शेजारची गाडी सुटली की आपली सुटल्यासारखी वाटते, तसं. अर्न्स्ट माखने, ज्याच्या नावाने ध्वनीच्या पटीतला वेग मोजतात त्यानेच, रेल्वेच्या वळणावर बाहेरची घरं-झाडं तिरपी दिसतात हे हेरलं आणि १८७५ मध्ये हालचालीच्या जाणिवेवर आख्खं पुस्तक लिहिलं. घरच्या कॉकपिटमध्ये डोळा सांगतो 'वळलो', कान सांगतो 'बसलोय'. या भांडणातून मळमळ येते. मळमळच का? मिशेल ट्रीझमन या संशोधकाने १९७७ मध्ये तर्क मांडला, की डोळे-कान जुळेनासे झाले म्हणजे विष खाल्लं असावं असं शरीर धरून चालतं, आणि पोट रिकामं करतं. तर्क देखणा आहे, वाद अजून मिटलेला नाही. गंमत अशी, की १९५७ च्या सुमारास हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर त्रास शिकाऊंपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना जास्त झाला. खरं उड्डाण कसं लागतं हे त्यांच्या कानाला पाठ होतं ना!

म्हणून पैसे घालण्याआधी फूटपट्टी घ्या. २७ इंची स्क्रीन सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असते. डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर ठेवली तर ती नजरेचे जेमतेम ४६ अंश व्यापते. भाच्याने सेटिंगमध्ये ९० अंशांचं दृश्य त्या चौकटीत कोंबलं होतं. मग वळताना जमीन डोळ्यासमोरून खऱ्याशी न जुळणाऱ्या वेगाने सरकते. दृश्याचा कोन ५० च्या आसपास आणायला लावला, तोंडावर टेबल फॅन लावला, आणि पहिला थंड घाम आला की उठायचं असा नियम केला. 'मोशन चेअर' म्हणून त्याच्या गळ्यात मारत होते ती परत पाठवली. तिच्यात एक मोटर होती आणि आवाजाच्या तालावर ती थरथरायची. खुर्ची थरथरली म्हणजे हलली नव्हे.

एक तक्रार मात्र चुकीची निघाली. "मामा, मे महिन्यात विमान उचलतच नाही, सॉफ्टवेअर बिघडलं." बिघडलं नव्हतं. त्याने खरं हवामान चालू ठेवलं होतं. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंच. ४५ अंशांत तिथली हवा इतकी विरळ होते, की पंखांना आपण ४,८०० फुटांवर असल्यासारखं वाटतं, जवळजवळ महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटच्या उंचीवर. फक्त थंडी नाही.

आता तो पाऊण तास उडवतो आणि नंतर पोटभर जेवतो. मी श्रेय दृश्याच्या कोनाला देतो, आई मीठ-मोहऱ्यांना. दोन्ही उपाय एकाच दिवशी सुरू झाले, त्यामुळे विज्ञानाच्या नियमाने मला वाद जिंकता येत नाही. आठवडाभर दृष्ट न काढता पाहू, असं मी सुचवलं.

"तुले करायचं तर स्वतःच्या पोरावर कर," आई म्हणाली.