एक अनेक और एकता : कथारचना

‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली प्रदर्शित केलेला, सुमारे सात मिनिटांचा हिंदी ॲनिमेशन लघुपट. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, ॲनिमेशन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे आणि गीत पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचे. त्यातल्या गाण्यात बालवयातल्या साधना सरगम यांचा आवाज आहे. दूरदर्शनवर तो वर्षानुवर्षे लागत राहिला आणि ‘एक चिडिया, अनेक चिडियाँ’ एवढ्यावरच बहुतेक जण त्याला ओळखतात. राष्ट्रीय एकात्मतेचा बोधपट अशी त्याची ख्याती असली, तरी गोष्ट कशी रचावी हे शिकण्यासाठीही तो पुन्हापुन्हा पाहावा असा आहे.

कथानक थोडक्यात असे : मुले ‘हिंद देश के निवासी’ हे गाणे म्हणत असतात. त्यातला ‘अनेक’ हा शब्द ऐकून धाकटा भाऊ ताईला अर्थ विचारतो. ताई आजूबाजूच्या गोष्टी दाखवत अर्थ सांगते आणि त्या ओघात पक्ष्यांच्या थव्याची गोष्ट निघते. दाणे टिपायला उतरलेले पक्षी व्याधाच्या जाळ्यात सापडतात, एकाच वेळी पंख मारून जाळ्यासकट उडतात आणि त्यांचे मित्र उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवतात. गोष्ट ऐकून मुले एकजुटीने झाडावरचे आंबे काढतात आणि पुन्हा गाणे सुरू होते. म्हणजे रचना कथेतल्या कथेची आहे : बाहेर ताई आणि मुले, आत पक्षी.

पंचतंत्राचीही हीच पद्धत. आतली गोष्ट तर थेट त्याच्या ‘मित्रसंप्राप्ति’ या दुसऱ्या तंत्रातून आलेली आहे. मुळात तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आहे आणि त्याचा मित्र हिरण्यक नावाचा उंदीर. हिरण्यक आधी राजाचे पाश तोडू पाहतो. चित्रग्रीव त्याला थांबवतो आणि आधी माझ्या परिवाराला सोडव म्हणतो. मूळ कथेतला हा सर्वांत हृद्य प्रसंग लघुपटात नाही. राजा नाही, नावे नाहीत, मैत्रीचा पूर्वेतिहास नाही. वेळ वाचवायला केलेली ही काटछाट नव्हे. राजा ठेवला असता तर गोष्ट त्याच्या थोरपणाची झाली असती. इथे नायक थवाच असायला हवा होता, म्हणून एकट्या हिरण्यकाच्या जागीही उंदरांचा घोळका आला.

कथारचनेचे विश्लेषण करताना सहसा आरंभ, मध्य, शेवट अशी तीन अंकांची पट्टी लावली जाते. सात मिनिटांच्या चित्रपटात तिने फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी कोण काय विचारतो आणि उत्तर कुठे अडते हे पाहिले, तर ही कथा पुढे कशी सरकते ते लगेच दिसते. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक, असे ताई सांगते. त्यावर भाऊ विचारतो, म्हणजे ताऱ्यांना ‘अनेक’ म्हणतात का? हा गैरसमज लहान मुलाच्या तोंडी अगदी स्वाभाविक आहे आणि रचनेच्या दृष्टीने तोच पहिला पेच. ताईचे पहिले उत्तर फसते, म्हणून तिला दुसरे उदाहरण शोधावे लागते. खारी येतात, फुलपाखरे येतात : आधी एक, मग आणखी एक, आणि बघता बघता पडदा भरतो. ही वाढ समोर घडते, हे हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनचे खास सामर्थ्य. फुलपाखरू कुठून आले हे तिथे कुणी विचारत नाही. अखेर भाऊच बोटांचे उदाहरण देतो. शब्द कळल्याची खूण त्याच्या स्वतःच्या उदाहरणातून मिळते. ‘समजले’ एवढ्यावर पटकथा थांबत नाही.

पुढचे वळण फार हळुवार घेतले आहे. आणखी एक उदाहरण म्हणून पक्षी दिसतात आणि तिथेच मोजणीची गोष्ट होते. व्याध कोण, हे भाऊ पूर्वीच्याच सुरात विचारतो; पण नंतरच्या प्रश्नात भीती आहे : त्याने त्यांना पकडले? मारून टाकले? अर्थ विचारणारा मुलगा आता परिणाम विचारू लागला आहे. लघुपटातली सर्वांत ताणलेली जागा हीच.

याच सुमारास बाहेरच्या चौकटीत जे घडते, ते पटकन ध्यानात येत नाही. गोष्ट सुरू होताच इतर मुले जवळ येतात, आम्हालाही सांग म्हणतात आणि ताई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. एका श्रोत्याचे अनेक श्रोते होतात. जे पक्ष्यांच्या बाबतीत घडायचे आहे, ते ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत आधीच घडू लागते. आंब्याच्या प्रसंगाला बळ इथून मिळते. एक झालो तर मोठे काम होते, हे कळल्यावर भाऊ लगेच झाडावरच्या आंब्यांचे विचारतो. ताई म्हणते, हो, पण जुगत लावावी लागेल. थव्याने केले तेच आता मुले करतात, तेही कुणी उपदेश न करता, आंब्याच्या हावेपोटी. हा प्रसंग काढला असता तर ताईने सांगितलेली बोधकथा तेवढी उरली असती.

रचनेतला कच्चा दुवा उंदरांचा आहे. ते आधी कुठेच दिसत नाहीत. दूर एका गावाजवळ पक्ष्यांचे मित्र राहत होते, असे एका वाक्यात सांगून सुटका उरकली जाते. तरी हे खटकत नाही, कारण मुलाच्या मनातली भीती जाळे हवेत उचलले गेले तेव्हाच फिटलेली असते. कळस उड्डाणात आहे, सुटकेत नाही, हे पटकथेला नेमके ठाऊक आहे.

या साऱ्याला संगीताचा मोठा आधार आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) यांचे संगीतकार असलेल्या देसाईंनी इथे संवाद आणि गाणे यांच्यातली सीमाच पुसून टाकली. ताईचे बोलणे नकळत चालीत शिरते, मुलाचा प्रश्न ती चाल तोडतो आणि उत्तरासोबत ती पुन्हा धरली जाते. त्यामुळे प्रश्न आला की तो कानालाही कळतो. शेवटचे गाणे वेगवेगळी फुले एका माळेत ओवते, गंगेपासून कावेरीपर्यंतच्या नद्या सागराला मिळवते. आंबराईतून थेट देशाकडे मारलेली ही उडी खरे तर मोठी आहे. पण भावाचा पहिला प्रश्न याच गाण्यातून निघाला होता, म्हणून ती ओढूनताणून जोडलेली वाटत नाही; आणि ज्या ओळीत मुलगा आरंभी अडला होता, ती ओळ प्रेक्षकही आता अर्थासकट ऐकतात.