पहिल्या रात्री मेलेली मासोळी आणि आठव्या दिवशी मेलेली मासोळी

यवतमाळहून एसटीनं चार गप्पी मासोळ्या आणल्या. दोन पहिल्याच रात्री गेल्या, उरलेल्या दोघी आठव्या दिवशी. "बाबा, काहून मेल्या?" लेकीनं दोन्ही वेळा विचारलं आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, पाणी खराब असंल. दोष पाण्याचाच होता, पण दोन वेगळे दोष होते, आणि मी त्यांना एकच समजलो.

चोवीस तासांच्या आत मासोळी मेली, तर बहुतेक वेळा तो पाणी एकदम बदलल्याचा धक्का असतो. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की गुंडाला पांढरा थर धरतो आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. माणसांसाठी ती हवीच, पण तिच्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. म्हणून नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावं. मासोळी आणलेली बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यावी, मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घालून मासोळी जाळीनं सोडावी.

आठव्या दिवसाचं मरण फसवं असतं. पाणी काचेसारखं स्वच्छ, मासोळी चार दिवस मजेत फिरलेली. मग ती वर येऊन तोंड उघडझाप करू लागते, खाणं सोडते, कधी कल्ले लालभडक दिसतात. हा अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तो पाण्यात येतो. त्याला रंग नसतो. जुन्या टाकीत दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बरंच कमी घातक असलेलं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांना धरायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यातही पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. जड पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि आमच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पहिल्या दोन मेल्यावर मी घाबरून टाकी रिकामी केली, दगड घासले, स्पंज नळाखाली पिळून धुतला. म्हणजे जे थोडे जिवाणू धरले असतील, तेही वाहून गेले. वर पोट्टी दिवसातून तीनदा खाद्य टाकत होती, तिला मीच सांगितलं होतं. ती चूक माझी.

इथंच खरा घोळ आहे. अमोनियावर ताजं पाणी हाच उपाय, आणि धक्क्यात तेच ताजं पाणी जीव घेतं. त्यामुळं "पाणी बदल" हा सल्ला अर्धा आहे. किती बदलायचं आणि कोणतं, हे सांगितल्याशिवाय तो देऊ नये.

अमोनिया तपासायचे थेंब ऑनलाइन मिळतात. ते हाताशी नसतील, कारण कळत नसेल आणि मासोळी अजून धापा टाकत असेल, तर खाद्य बंद करा आणि हवेचा पंप चालू ठेवा. टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, टाकीइतकंच गरम पाणी हळूहळू घाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. स्पंजाला हात लावू नका.