भूमिका घेऊन शिकायचे जागतिक राजकारण

वर्गात एकाने फ्रान्स व्हायचे, दुसऱ्याने भारत, आणि तास संपेपर्यंत कराराचा मसुदा जमवायचा. या पद्धतीची मुळे लष्करात सापडतात. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ वरिष्ठांना दाखवला. दोन पक्ष, मधे पंच, आणि समोरच्याची पूर्ण माहिती कोणालाच नाही.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि अमेरिकी विद्यापीठांत त्याच्या अभिरूप सभा भरू लागल्या. १९४५ नंतर त्यांची जागा अभिरूप संयुक्त राष्ट्रसभांनी घेतली. आपल्याकडे हाच प्रकार अधिक ओळखीचा. त्यात वक्तृत्व घडते, पण ठराव फसला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

ही उणीव अमेरिकी अभ्यासक हॅरॉल्ड गेत्स्को यांनी भरून काढली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी काल्पनिक राष्ट्रे उभी केली आणि त्यांचा कारभार विद्यार्थ्यांच्या हाती दिला. साधनसंपत्ती मोजकी. शस्त्रांवर खर्च वाढवला की लोकांच्या वाट्याला कमी येणार, आणि नाराजी वाढली की खुर्ची जाणार. परराष्ट्र धोरण घरच्या राजकारणाला किती बांधलेले असते, हे व्याख्यानातून इतके थेट कळत नाही, असे मला ठामपणे वाटते.

कोकणातल्या विद्यार्थ्यांना हे अवघड जाऊ नये. सिंधुदुर्गातला दशावतारी नट कथानक तेवढे ठरवून घेतो आणि संवाद रंगमंचावर रचतो; इथेही तेच करायचे असते. विषयही दारातच आहेत. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प घ्या: २००८ चा भारत-फ्रान्स अणुकरार, २०१० च्या अणुदायित्व (अणु-अपघाताच्या भरपाईच्या) कायद्यातली पुरवठादाराच्या जबाबदारीची अट आणि माडबनच्या ग्रामस्थांचा विरोध. तिन्ही बाजू एकाच टेबलाभोवती बसवता येतात.

किंवा हापूस. फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला बंदी केली. ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. देवगडच्या बागायतदाराच्या मुलीला ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, अधिकाऱ्याची भूमिका द्यावी. आपल्याच घरचा माल कोणत्या अटीवर आत घ्यायचा, हे तिला ठरवू द्यावे. खेळानंतरच्या चर्चेसाठी मात्र पूर्ण तास राखावा. कोणी कुठे माघार घेतली आणि का, ते तिथेच उलगडते.