‘म्युझिकला मॅकच’ या समजुतीची पार्श्वभूमी

घरात एकच कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्यावर मुलांचा अभ्यास, ऑफिसचं थोडं काम आणि गाण्याचं रेकॉर्डिंगही करायचं, तर कोणता घ्यावा? पुण्यात पेटी-तबल्याच्या क्लासबाहेर उभ्या पालकांत हा विषय निघाला की कुणीतरी ‘म्युझिकला मॅकच’ असं ठोकून देतोच. या समजुतीची सुरुवात मात्र अॅपलच्या मॅकपासून झालेली नाही.

1983 मध्ये मिडी हे इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायचं तंत्र आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांना जोडता येऊ लागले. 1985 च्या अटारी एसटी या कॉम्प्युटरला मिडीची पोर्ट कंपनीतूनच बसवलेली होती. मॅकला किंवा आयबीएम पीसीला त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागे. म्हणूनच 1989 चं क्यूबेस हे संगीताचं सॉफ्टवेअर आधी अटारीवर आलं. पण मिडीतून आवाज जात नाही, कोणती पट्टी कधी दाबली एवढंच कळतं. प्रत्यक्ष आवाज कॉम्प्युटरवर घ्यायची वेळ आली तेव्हा, 1991 पासून, प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या यंत्रणेने मोठे स्टुडिओ मॅककडे ओढले.

आपल्याकडे मॅक खिशाबाहेरचा. मध्यमवर्गीय घरात आला तो असेंबल्ड पीसी: बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क सुटी घेऊन जोडलेला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार हे धरून चालणाऱ्या या शहरात सोबत यूपीएसही आलाच.

विंडोजची खरी अडचण लेटन्सीची होती. माइकमधून आत गेलेला आवाज हेडफोनमध्ये उशिरा यायचा. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेत असेल आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचा गठ्ठा, 1024 नमुन्यांचा असेल, तर एका बाजूला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन 46. मिनिटाला 300 मात्रांच्या द्रुत तीनतालात दुगुनीच्या (मात्रेला दोन बोल) एका बोलाला 100 मिलिसेकंदच मिळतात. म्हणजे तबलजीला स्वतःचाच बोल जवळपास अर्ध्या बोलाने मागे ऐकू येणार, वाजवणार कसं? 1997 मध्ये क्यूबेसवाल्या स्टाइनबर्गने एसिओ ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि साउंड कार्डाला थेट जोडणारा दुवा, आणला आणि हे अंतर आटोक्यात आलं. माझ्या मते मॅक-विंडोज वाद तिथेच संपायला हवा होता.

तो चिघळला व्यापारामुळे. 2002 मध्ये अॅपलने लॉजिक हे संगीताचं सॉफ्टवेअर बनवणारी इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. 2004 पासून नव्या मॅकसोबत गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मिळू लागलं. गंमत म्हणजे 2006 पासून मॅकमध्येही इंटेलचाच प्रोसेसर होता.

2020 च्या एम1 या अॅपलच्या स्वतःच्या चिपमुळे पारडं पुन्हा हललं. त्या मॅकबुक एअरला पंखाच नाही, आणि फ्लॅटच्या छोट्या खोलीत तानपुरा रेकॉर्ड करताना कॅबिनेटच्या पंख्याची घरघर किती नडते हे करणाऱ्यालाच माहीत. मात्र आज 8 जीबी रॅम घ्यावी आणि पुढच्या दिवाळीला आणखी 8 टाकावी, ही असेंबल्डची जुनी सोय तिथे नाही. जे घ्यायचं ते खरेदीच्या दिवशीच.