माजघरात उजेड हवा आहे? छपरात स्कायलाईट बसवण्याचा खर्च

गोव्यातले जुने कौलारू घर पावसासाठी बांधलेले असते. वळचणी खाली ओढलेल्या, चिऱ्यांच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि घराच्या मधोमध माजघर. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात हे शहाणपणच होते. पण त्यामुळे भर दुपारी बारा वाजतासुद्धा ट्यूबलाईट लावून तांदूळ निवडावे लागतात. आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी हीच अडचण घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "एका स्कायलाईटचे किती घेता?"

स्कायलाईट म्हणजे उजेडासाठी छपरात बसवलेली काचेची खिडकी. तिच्या खर्चाला एका आकड्यात उत्तर नाही. साडेतीनशे रुपयांतही उजेड मिळतो आणि तीन लाखांतही. तुमच्या घराला यातले काय लागेल ते तुम्हालाच ठरवता यावे म्हणून हे पत्रक काढले आहे. यातले दर आमचे स्वतःचे आहेत आणि ते या ऑक्टोबरपासून येत्या मेअखेरपर्यंत लागू राहतील. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, बार्देश आणि तिसवाडी या तालुक्यांसाठी वाहतूक धरलेली आहे. साष्टी, केपे, काणकोणच्या बाजूला ती वेगळी पडते.

आधी काचेचे कौल

छपराला मंगळूरी कौले असतील तर सगळ्यात आधी काचेची कौले लावून पाहा. आमचा धंदा स्कायलाईटचा असला तरी हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. मातीचे कौल काढून त्याच मापाचे काचेचे कौल त्या जागी सरकवायचे, एवढेच काम. वासे कापायचे नाहीत, पत्रा मारायचा नाही. एक कौल साधारण ३५० रुपयांना पडते. एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ कौले लागतात, म्हणजे एका कौलातून जेमतेम पाऊण चौरस फुटाचा उजेड येतो. कोठीच्या खोलीला दोन पुरतात, स्वयंपाकघराला चार.

आमच्यापैकी अनेकांचे लहानपण अशाच एका कौलाखाली गेले आहे. सकाळी चुलीचा धूर त्या उजेडात निळसर दिसायचा. सारवलेल्या जमिनीवरचा कवडसा जात्यापाशी आला की आजी भाताचे आधण ठेवायची. तिला घड्याळ लागत नसे.

मात्र छपरावर माड झुकलेला असेल तर काचेचे कौल लावू नका. नारळ पडला तर ते फुटणारच, आणि खाली कोण बसलेले असेल ते सांगता येत नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांत माकडे कौलांवरून उड्या मारतात, तिथेही हाच धोका आहे. अशा ठिकाणी आम्ही पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे मजबूत प्लास्टिकचे, पारदर्शक कौल सुचवतो. ते काही वर्षांनी पिवळट पडते, बदलावे लागते, पण फुटून अंगावर येत नाही.

काच स्वस्त, काठ महाग

चार कौलांनी भागत नसेल तर चौकटीचे स्कायलाईट. एका कामाचा हिशेब उलगडून दाखवतो म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल. डिचोली तालुक्यातले कौलारू घर, माजघराच्या वरच्या उतारावर २ फूट बाय ४ फूट मापाचे, न उघडणारे एक स्कायलाईट. लॅमिनेटेड काच ८ चौरस फूट, ४५० रुपयांच्या दराने ३,६०० रुपये. पावडर कोटिंग केलेली ॲल्युमिनियमची चौकट ६,०००. चौकटीच्या चारी बाजूंनी पाणी वळवणारा पत्रा, ज्याला आम्ही फ्लॅशिंग म्हणतो, तो ५,५००. लाकूडकाम ३,०००. सुतार आणि मदतनीस, दोन दिवस, ४,४००. बांबूची परांची २,०००. वाहतूक १,२००. काम करताना फुटलेली किंवा आधीच तडकलेली वीसेक कौले बदलायला ८००. बेरीज २६,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,७७० रुपये. एकूण ३१,२७० रुपये.

यात काचेचा वाटा सातव्या हिश्श्याहूनही कमी आहे. चौकट आणि पत्रा मिळून काचेच्या तिप्पट. "काच आम्ही म्हापशाहून आणून देतो, तुम्ही नुसती बसवा" असे कोणी म्हणाले तर आम्ही नको म्हणतो ते याचसाठी. काचेतून पाणी कधीच गळत नाही, ते गळते काठातून. काठावर दोन हजार वाचवले तर तिसऱ्या पावसाळ्यात वासा कुजलेला सापडतो, आणि वासा बदलायचा म्हणजे छप्पर उतरवण्यापासून सुरुवात.

डोक्याकडचा, म्हणजे आढ्याच्या बाजूचा पत्रा सर्वांत महत्त्वाचा. वरून येणारे सगळे पाणी तिथे आपटते आणि दोन्ही अंगांना वळते. आंब्याफणसाची पाने त्याच जागी अडकतात. पाने कुजून चिखल झाला की पाणी मागे तुंबते आणि कौलांच्या खालून आत शिरते. घरातल्यांना वाटते सिलिकॉन गेले. मग दरवर्षी कोणीतरी वर चढून सिलिकॉनचा आणखी एक थर देतो आणि गळती तशीच राहते. आमच्या कामात हा पत्रा कौलांच्या खाली निदान नऊ इंच वर गेलेला असतो आणि त्याची मागची कड उलटी दुमडलेली असते. काम चालू असताना शिडीवरून स्वतः पाहून घ्या. काचेवर बोट फिरवून कामाची पारख होत नाही.

मापाने खर्च कसा बदलतो तेही सांगतो. स्कायलाईट दोन वाशांच्या मधल्या अंतरात बसले तर काम सोपे. रुंदी वाढवायची म्हटली की वासा कापावा लागतो, मग त्याचा भार शेजारच्या वाशांवर देण्यासाठी वर आणि खाली आडवे लाकूड घालावे लागते. एवढ्याने सहा ते आठ हजार वाढतात. म्हणून रुंद करण्यापेक्षा लांब करा. उजेड तेवढाच, खर्च कमी. छपराखाली फॉल्स सीलिंग असेल तर कौलापासून सीलिंगपर्यंत चौकोनी बोगदा करावा लागतो. त्याचे फुटाला साधारण १,५०० रुपये धरा आणि आतून पांढराच रंग द्या.

समुद्राजवळच्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती आम्ही नुकसान सोसून शिकलो. पेडण्याच्या किनारपट्टीवर एका घरी आम्ही चौकटीला गॅल्वनाईज्ड स्क्रू वापरले होते. फोंड्याला ते टिकतात. तिथे मात्र खाऱ्या वाऱ्याने तिसऱ्या पावसाळ्यात स्क्रूची डोकी गळून पडली आणि पाणी थेट पलंगावर. त्या घरातल्या आजींनी रात्रभर टोप लावून पाणी धरले होते, आणि सकाळी आम्हाला फोनवर रागाचा एक शब्दही बोलल्या नाहीत. ते फार लागले. सगळे काम आमच्या खर्चाने पुन्हा केले. तेव्हापासून किनाऱ्यालगतच्या कामात ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलखेरीज दुसरा स्क्रू वापरत नाही. त्याने खर्च दीड ते दोन हजारांनी वाढतो आणि त्यात आम्ही सूट देत नाही.

कोणती काच, कुठला उतार

डोक्यावर बसणारी काच लॅमिनेटेडच हवी. नुसती टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की तिचे बारीक तुकडे पावसासारखे खाली येतात. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तडा गेला तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. तोच पडदा उन्हातले अतिनील किरणही जवळजवळ सगळे अडवतो, त्यामुळे खालचे शिसवी कपाट आणि भिंतीवरच्या जुन्या तसबिरी फिक्या पडत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा किती झाडे छपरांवर आडवी झाली ते सगळ्यांनी पाहिले आहे. काचेत काटकसर करू नका.

उजेडाबरोबर ऊन येते हे विसरून चालत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा दहा ऑगस्टच्या आसपास गोव्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो आणि उरलेले वर्षभर दक्षिणेला. म्हणून उत्तरेचा उतार सर्वांत चांगला. तिथे वर्षाचा बराच काळ ऊन तिरपे आणि कमी पडते, आणि जूनपासून ढगच असतात. मे महिना तेवढा सोसावा लागतो. पूर्वेचा उतार चालतो, सकाळी स्वयंपाकघराला बरा. पश्चिमेला शक्यतो नको, दुपारी तीननंतर खोलीत बसवत नाही. तिथेच हवे असेल तर दुधी काच घ्या, जादा खर्च चौरस फुटाला ६० ते ८० रुपये. पूर्वी आपल्याकडे खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. पांढरा, मऊ, डोळ्यांना न टोचणारा उजेड. दुधी काचेतून साधारण तसाच येतो.

किती मोठे घ्यावे? खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या चार-पाच टक्क्यांवर आम्ही सहसा जात नाही. १२ बाय १४ च्या खोलीला आठ चौरस फूट भरपूर. "आणखी मोठे करा" म्हणणाऱ्यांना आम्ही एक मे महिना थांबायला सांगतो.

स्लॅबचे घर

स्लॅबमध्ये भोक पाडणे हे वेगळेच काम आहे. आत सळ्या असतात, जवळ तुळई असू शकते. इंजिनिअरने नकाशा पाहून जागा ठरवल्याशिवाय आम्ही कटर लावत नाही. भोकाभोवती निदान नऊ इंचांचा काँक्रीटचा कठडा उचलावा लागतो, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग पाणी साचू नये म्हणून उतार देऊन काच. ओल्या सिमेंटला ॲल्युमिनियम थेट लागले तर ते खाते, म्हणून मध्ये रबराची पट्टी. ३ बाय ३ फुटांचे असे काम ५५,००० ते ७५,००० रुपयांपर्यंत जाते, जीएसटी वेगळा, इंजिनिअरची फी वेगळी.

आपल्याकडे पुष्कळ घरांवर स्लॅब गळतो म्हणून वर पत्र्याचे छप्पर घातलेले असते. तिथे नळीचे स्कायलाईट सोयीचे पडते. पत्र्यावर पारदर्शक घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत नळी, ती स्लॅबमधल्या दहा इंची भोकातून खाली, आणि खोलीत गोल दिव्यासारखी तबकडी. खर्च ३०,००० ते ४५,०००. न्हाणीघर, जिना, अंधारी बोळ यांना उत्तम. आभाळ मात्र दिसत नाही.

राजांगण झाकायचे असेल तर

राजांगण म्हणजे घराच्या मधोमधचा उघडा चौक. तो झाकायचे विचारणारे वाढले आहेत. १२ बाय १२ फुटांचे राजांगण लोखंडी सांगाडा आणि लॅमिनेटेड काचेने झाकायला चौरस फुटाला १,६०० ते २,२०० रुपये, म्हणजे साधारण २ लाख ३० हजार ते ३ लाख १७ हजार. पोकळ पापुद्र्यांच्या दहा मिलिमीटर पॉलिकार्बोनेटने तेच काम एक लाखाच्या आतबाहेर होते.

पॉलिकार्बोनेट वाईट नाही, पण त्याची बसवणी फार ठिकाणी चुकते. त्याच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो. ती बाजू आभाळाकडे हवी, आणि कुठली ते संरक्षक कागदावर छापलेले असते. उलटे बसले तर काही वर्षांतच पिवळे पडून कडकडीत होते. पोकळ नळ्या उताराच्या दिशेने हव्यात आणि दोन्ही टोके पट्टीने बंद हवीत. नाहीतर आत पाणी शिरते, आणि आपल्या हवेत एका पावसाळ्यात आतून हिरवे शेवाळ धरते. ते मग पुसता येत नाही.

आमचे मत विचाराल तर राजांगण पूर्ण बंद करू नका. घरातली गरम हवा तिथूनच वर जाते. चारी बाजूंनी फूटभर उंच मोकळी फट ठेवून छप्पर उचला, पाऊस आत येणार नाही आणि वारा खेळता राहील. मध्ये तुळस असेल तर तिच्यावरची जागा उघडीच ठेवा. तेवढे पाणी पूर्वीपासून जात आले आहे, तसे जाऊ द्या.

केव्हा करायचे

कौले परतायला एप्रिल-मेमध्ये माणसे वर चढणारच असतात. स्कायलाईट त्याच वेळी घेतले तर परांची आणि मजुरी मिळून चार-पाच हजार वाचतात. आम्हाला फेब्रुवारीत सांगा. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये फोन येतात, "चवथीआधी करून द्या, माटोळीवर उजेड पडायला हवा." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची आरास. इच्छा आम्हाला समजते, पण भर पावसात कोणाचे छप्पर आम्ही उघडत नाही.

छपराच्या कामाआधी पंचायतीत किंवा पालिकेत विचारून घ्या. पणजीतल्या फोंतेन्हससारख्या संवर्धन क्षेत्रात घर असेल तर परवानगी वेगळी. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, भावंडांची, चुलत्यांची नावे असतील तर त्यांची लेखी ना-हरकत आधी मिळवा. अर्धे काम झाल्यावर मुंबईहून काकांचा फोन येतो आणि छप्पर तसेच उघडे राहते, असे होऊ नये.

पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूने थेंब दिसले तर लगेच घाबरू नका. स्वयंपाकाची वाफ गार काचेवर जमते. फडक्याने पुसा. भात शिजत नसताना, पाऊस चालू असताना पुन्हा थेंब आले तर ती गळती, तेव्हा आम्हाला बोलवा. आमची हमी तीन पावसाळ्यांची आहे. पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही न बोलावता येऊन पाहून जातो, त्याचे पैसे नाहीत. हमी संपल्यावर दर मे महिन्यात पाने काढून, स्क्रू आणि सीलंट तपासून देण्याचे १,५०० रुपये.

फोन करण्याआधी एक करा. दुपारी बारा वाजता घरातले सगळे दिवे बंद करून, अंधाऱ्या खोलीच्या मधोमध उभे राहून वरच्या छपराचा एक फोटो काढा, आणि एक बाहेरून, जवळची झाडे दिसतील असा. हे दोन फोटो आणि खोलीचे माप पाठवलेत की अंदाजपत्रक दोन दिवसांत देतो. चार काचेच्या कौलांनी भागत असेल तर तेही त्यातच लिहून येईल.