बॅग उघडायला मॅजिस्ट्रेट लागतो?

"पोलिसांनी अडवलं तर बॅग उघडू नका, आधी मॅजिस्ट्रेटला बोलवा म्हणा." कट्ट्यावर हा सल्ला छातीठोकपणे दिला जातो. अर्धाच खरा आहे, म्हणून जास्त गोत्यात आणणारा.

मूळ आहे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 मध्ये. अंगझडतीआधी 'मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे' हे पोलिसांनी सांगावंच लागतं. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते बंधनकारक ठरवलं. पण अंग म्हणजे अंग! अंगावरचे कपडे त्यात आले, खांद्यावरची सॅक नाही. पवनकुमार खटल्यात 2005 मध्येच हे स्पष्ट झालं, 2023 मध्ये पुन्हा एकदा.

शिवाय हे कलम फक्त अमली पदार्थांच्या झडतीपुरतं. चोरीच्या मालासाठी गाडी तपासताना ते पुढे करून उपयोग नाही.

अर्थात, वाटेल त्याला धरा आणि तपासा, असंही नाही. सार्वजनिक जागी या कायद्याखाली एखाद्याला अडवून झडती घ्यायची तर त्याने गुन्हा केल्याचं मानायला कारण असावं लागतं. आणि बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, हे ज्या कलम 50 चा एवढा गाजावाजा होतो त्यातच लिहिलंय.