हमिंग 50चं की 100चं? व्हॉल्व्ह प्रीअँपमधले सारखे वाटणारे दोन आवाज

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह माइक-प्रीअँपची (माइकचा बारीक सिग्नल काचेच्या व्हॉल्व्हनी मोठा करणाऱ्या पेटीची) पहिली तक्रार बहुतेक वेळा हमिंगची असते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला : "फिल्टरचा कपॅसिटर मोठा टाका." कधी तो लागू पडतो, कधी काडीचा फरक पडत नाही, तर कधी आवाज आणखी बोचरा होतो. कारण हमिंग या एकाच नावाखाली दोन वेगळे आवाज राहतात, एक 50 हर्ट्झचा आणि दुसरा 100 हर्ट्झचा. घरातली वीज एसी रूपातच सर्किटमध्ये शिरली की पहिला ऐकू येतो. तीच वीज डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) गेली आणि तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला वळल्या की दुसरा जन्मतो. दोघांचे रस्ते वेगळे आणि इलाजही वेगळे. यातला कुठला आहे हे कळल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न गरमच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

गल्लत होते ती कानाच्या स्वभावामुळे. 50 आणि 100 हा एकच स्वर आहे, फक्त सप्तक वेगळं. तानपुऱ्याची खर्जाची तार आणि जोडाची तार यांच्यात जे नातं, तेच इथे. हार्मोनियमवर शोधलात तर हा स्वर पांढरी पाचला लागून, तिच्यापेक्षा किंचित चढा सापडेल. (अमेरिकी मार्गदर्शनात 60 आणि 120 हे आकडे येतात, कारण तिथली वीज 60 हर्ट्झची आहे. तो स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडतो. तिथले सर्किटचे नकाशे वापरताना आकडे बदलून घ्या, तर्क तोच राहतो.) त्यात टेबलावरचे छोटे स्पीकर 50 हर्ट्झ धड वाजवतच नाहीत. मूळ आवाज 50चा असला तरी कानावर पडतात ती त्याची वरची आवर्तनं, आणि ऐकणारा म्हणतो, "100च असणार." म्हणून या कामाला चांगला हेडफोन लावा. त्याहून बरं म्हणजे मोजा.

मोजायला महागडं उपकरण लागत नाही. एक्सएलआर प्लगमध्ये (माइकच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये) 2 आणि 3 या पिनांमध्ये 150 ओहमचा रेझिस्टर जोडा. प्रीअँपला माइक लावल्यासारखंच वाटेल, पण खोलीतला आवाज आत येणार नाही. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते बटण) नेहमीच्या जागी ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा. साइझ 65536 ठेवली तर 44.1 किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये एका हर्ट्झच्या आतला फरक दिसतो. 50, 150, 250 अशी विषम पटींची शिखरं उंच असतील तर गुन्हेगार बहुधा डायोडच्या आधी आहे. 100, 200, 300, 400 अशी रांग असेल तर डायोडच्या नंतर.

त्याआधी एक शक्यता बाजूला काढा. प्रीअँप कॉम्प्युटरला जोडलेला असेल आणि दोघांनाही भिंतीतून अर्थिंग मिळत असेल, तर ग्राउंड लूपमुळेही (अर्थिंगच्या दोन वाटांनी तयार झालेल्या कड्यामुळेही) 50 आणि त्याच्या पटी ऐकू येतात. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष प्रीअँपचा नाही, जोडणीचा आहे. इथे काही जण प्रीअँपच्या थ्री-पिनमधली अर्थिंगची वायर कापतात. ते कधीही करू नका. पेटीत 250 व्होल्ट डीसी आहे आणि चेसिस, म्हणजे पेटीचा पत्र्याचा सांगाडा, तुमच्या हाताला लागते.

आता 50 हर्ट्झकडे वळू. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण याला आत यायला तीन दारं आहेत.

पुढची उदाहरणं दोन ईसीसी 83 (म्हणजेच 12 एएक्स 7) व्हॉल्व्ह, दहा पटीचा (1:10) इनपुट ट्रान्सफॉर्मर आणि 60 डेसिबल गेन असलेल्या प्रीअँपची आहेत. 60 डेसिबल म्हणजे हजार पट. डायनॅमिक माइकचा सिग्नल एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. इनपुटवर 10 मायक्रोव्होल्ट हमिंग शिरलं तर बाहेर 10 मिलिव्होल्ट दिसतं, आणि गाण्यातल्या शांत जागी ते ऐकू येतंच. पॉवर अँपमध्ये खपून जाणारी वायरिंगची ढिलाई इथे का चालत नाही, ते या आकड्यांतून कळतं.

पहिलं दार हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं. व्हॉल्व्हच्या 4, 5 आणि 9 या पिनांवर 6.3 व्होल्ट एसी येतं आणि ग्रिडची (सिग्नल जिथे येतो त्या जाळीची) 2 नंबरची पिन त्यांच्यापासून काही मिलिमीटरवर असते. हीटरच्या वायरी घट्ट पीळ देऊन, चेसिसच्या कोपऱ्याला चिकटवून नेल्या तर हा त्रास बराच आवरतो. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला 100-100 ओहम लावा. पण हीटर आणखी एक खोडी करतो, जी बाहेरून दिसत नाही. तो कॅथोडच्या (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) नळीच्या आत तापलेला असतो आणि स्वतःही इलेक्ट्रॉन सोडतो. ते कॅथोडकडे गेले की कॅथोड रेझिस्टरवर 50 हर्ट्झचं व्होल्टेज उमटतं. याची परीक्षा सोपी आहे. वीज बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, त्या रेझिस्टरला समांतर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तात्पुरता जोडा आणि पुन्हा सुरू करा. हमिंग एकदम उतरलं तर वाट सापडली. पक्का इलाज म्हणजे अख्खा हीटर कॅथोडपेक्षा वर उचलणं. 250 व्होल्टच्या सप्लायवर 220 किलोओहम आणि 47 किलोओहमचा विभाजक लावला की मधे साधारण 44 व्होल्ट मिळतात. तिथे 10 मायक्रोफॅरड जोडा आणि 100-100 ओहमचा मधला सांधा ग्राउंडऐवजी या बिंदूला न्या. वर ढकललेला हीटर कॅथोडला इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही. एवढ्या स्वस्त सुट्या भागांत एवढा फरक पडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

दुसरं दार उघड्या, उच्च-रोधाच्या वायरीचं. ग्रिडची वायर लांब आणि शील्डशिवाय असेल तर ती आसपासच्या 230 व्होल्टच्या वायरींचं विद्युतक्षेत्र उचलते. शील्डेड वायर घ्या, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, झालं.

तिसरं दार चुंबकीय, आणि खरा घाम इथेच निघतो. पॉवर ट्रान्सफॉर्मरभोवती 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पसरलेलं असतं आणि शेजारी इनपुट ट्रान्सफॉर्मर ते आनंदाने पकडतो, कारण चुंबकीय बदल पकडणं हेच त्याचं काम. ॲल्युमिनियमचं झाकण, फॉइल यांचा 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावर जवळजवळ काहीही परिणाम होत नाही. लोखंडी पत्रा थोडा अडवतो, म्यू-मेटलचा (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या खास मिश्रधातूचा) डबा बराच. खरा उपाय अंतर आणि दिशा. इनपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढा, इन्सुलेशन नीट असल्याची खात्री करून प्लास्टिकच्या पट्टीने तो हळूहळू फिरवा आणि हेडफोनमध्ये ऐका. एका कोनात हमिंग जवळजवळ नाहीसं होतं. तिथेच नवी भोकं पाडा. म्हणूनच चेसिसला भोकं पाडण्याआधी लाकडी फळीवर सगळं मांडून हा कोन शोधणारा माणूस माझ्या लेखी शहाणा. पॉवर सप्लाय वेगळ्या पेटीत, मीटरभर केबलच्या अंतरावर ठेवता आला तर प्रश्नच मिटतो.

हीटर की चुंबक, हे ठरवायला माझी आवडती चाचणी बॅटरीची. इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती 6 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी घ्या. हीटरच्या वायरी ट्रान्सफॉर्मरपासून पूर्ण सोडवा, त्यांना बॅटरी द्या, बॅटरीचं एक टोक ग्राउंडला जोडा. समांतर जोडलेल्या दोन ईसीसी 83 मिळून 600 मिलिअँपिअर घेतात, ती सहज देते. हमिंग गेलं तर हीटर. तसंच राहिलं तर उरलेली दोन दारं.

100 हर्ट्झचं प्रकरण तुलनेने सरळ. ब्रिज रेक्टिफायरनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीनंतरच्या) पहिल्या कपॅसिटरवर दर सेकंदाला 100 वेळा भर पडते आणि मधल्या काळात व्होल्टेज घसरतं. 47 मायक्रोफॅरड आणि 5 मिलिअँपिअर घेतले तर ही चढउतार, म्हणजेच रिपल, सुमारे 1 व्होल्टची असते. पुढे 10 किलोओहम आणि 47 मायक्रोफॅरडची एक पायरी लावली की ती सुमारे 300 पट घटते, म्हणजे साडेतीन मिलिव्होल्ट. तशीच दुसरी पायरी लावली की 12 मायक्रोव्होल्टच्या आसपास. पहिल्या व्हॉल्व्हला दोन पायऱ्यांनंतरचा सप्लाय दिलात तर रिपल हा विषयच उरत नाही. तरीही 100 ऐकू येत असेल तर एखादा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळला असेल. जुन्या रेडिओतून काढलेले कपॅसिटर वापरणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

सगळे कपॅसिटर नवे आणि तरीही 100, तेही गुळगुळीत नाही तर भणभणणारं, असं असेल तर दोष ग्राउंडच्या वायरीत शोधा. पहिल्या कपॅसिटरमध्ये करंट शांतपणे जात नाही, छोट्या तीव्र धक्क्यांनी जातो. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिजकडून येणारी ऋण वायर थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर गेली पाहिजे आणि बाकीच्या सर्किटची ग्राउंड वायर त्या टोकावरून निघाली पाहिजे. हे धक्के इनपुटच्या ग्राउंडमधून वाहिले तर माइकच्या सिग्नलमध्येच मिसळतात. अशा वेळी कपॅसिटर मोठा केला तर धक्के आणखी तीव्र होतात आणि भणभण वाढते. सुरुवातीचा तो सल्ला उलटतो तो इथे.

आकडा बघून निकाल देताना दोन फसव्या जागा लक्षात असू द्या. ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला, किंवा त्याचा सांधा कच्चा राहिला, तर ब्रिज अर्ध्या लाटेवर चालतो आणि रिपल 50 हर्ट्झचं होतं. स्पेक्ट्रम पाहून तुम्ही हीटरच्या मागे लागाल आणि तिथे काहीच सापडणार नाही. ओळखायची खूण म्हणजे सप्लायचं डीसी व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी भरतं आणि 50च्या जोडीला 100, 150, 200 अशा सगळ्याच पटी दिसतात. वीज बंद करून, ब्लीडर रेझिस्टरने कपॅसिटर रिकामे होऊ देऊन (47 मायक्रोफॅरडला 220 किलोओहमचा ब्लीडर असेल तर मिनिटभर थांबा, मग मीटरने खात्री करा) चारही डायोड तपासा.

दुसरी जागा याच्या उलट. 50ला कंटाळून हीटर डीसीवर नेला आणि हमिंग गेलं नाही, फक्त सप्तक चढलं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात ते भाग म्हणजे 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 7812 (व्होल्टेज 12वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर). दोन्ही व्हॉल्व्ह 12.6 व्होल्टच्या जोडणीत 300 मिलिअँपिअर घेतात आणि 12 व्होल्ट त्यांना चालतात. दुपारी सगळं ठीक चालतं. कपॅसिटरवर साडेपंधरा व्होल्टपर्यंत शिखर येतं, रिपलच्या तळाशी 14च्या थोडे वर उरतात. 7812ला 14 लागतातच. संध्याकाळी घरातला पुरवठा 230वरून 200वर उतरला की शिखरच साडेतेराच्या खाली जातं, रेग्युलेटर हात टेकतो आणि 100 हर्ट्झच्या खाचा थेट हीटरवर पोचतात. दिवसा शांत आणि दिवेलागणीनंतर गुणगुणणारा प्रीअँप घेऊन कुणी आलं, तर मी सगळ्यात आधी 7812च्या इनपुट पिनवर मीटर लावतो. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर हीटरसाठी 12ऐवजी 15 व्होल्टची वाइंडिंग सांगा. 230 व्होल्टवर रेग्युलेटरमध्ये दोन वॉटच्या थोडी वर उष्णता निघेल, तेव्हा त्याला हीटसिंक लावा आणि तो चेसिसच्या मागच्या भिंतीवर, व्हॉल्व्हपासून लांब बसवा.